पतंगाचा एक कान

जुलै महिन्याचा अखेरचा आठवडा ‘पतंग सप्ताह’ म्हणून पाळण्याचा प्रघात २०१२ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पडला आणि अल्पावधीतच तो भारतासह अनेक देशांत रूढ झाला. सप्ताहांची आपल्याकडे मुळीच वाण नाही. वन्य जीवांपासून रस्ता-सुरक्षेपर्यंत प्रत्येक सत्कार्यासाठी वर्षाकाठी एक आठवडा मुक्रर झालेला आहे. त्या आठवड्यात एक पाहुणा येतो, दोन हार पडतात, तीन भाषणे होतात आणि उरलेले एकावन्न आठवडे ते सत्कार्य आपल्या वाटेने जाते. पतंग सप्ताहाचे वेगळेपण असे, की त्यात भाषणाला वावच नाही. दोन खांबांमध्ये किंवा ओसरीच्या वाशाला एक पांढरी चादर टांगायची, तिच्यापुढे प्रखर दिवा लावायचा आणि गप्प बसून वाट पाहायची, एवढाच त्याचा विधी. पाहुणे येतात ते न बोलावता. कोणी दिवेलागणीला, कोणी मध्यरात्र उलटल्यावर, ज्याच्या त्याच्या जातीच्या वेळेप्रमाणे.

या पाहुण्यांविषयी सुशिक्षित माणसाला काय ठाऊक असते? पतंग हा शब्द ऐकताच एकाला संक्रांतीचा मांजा आठवतो आणि दुसऱ्याला ज्योतीवर झेप घेऊन जळून जाणारा वेडा प्रेमिक. हे दुसरे चित्र संस्कृत आणि फारसी अशा दोन्ही परंपरांनी आपल्या मनावर इतके पक्के कोरले आहे, की त्याची सत्यता तपासण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने मात्र त्या चित्राच्या मुळावरच घाव घातला. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांवरून असे दिसले, की किडे दिव्याकडे धाव घेत नाहीत. ते दिव्याकडे पाठ करतात. रात्रीचे आकाश जमिनीपेक्षा किंचित उजळ असते. तेव्हा उजेडाच्या दिशेला पाठ ठेवली, की आपण सरळ उडत आहोत याची खात्री पटते. कोट्यवधी वर्षे हा हिशेब बरोबर येत होता. माणसाने आकाश खाली आणून खांबाला टांगले आणि तो चुकला. बिचारा पतंग कलंडत, गिरक्या घेत दिव्याभोवती अडकून पडतो तो प्रेमापोटी नव्हे, दिशाभूल झाल्यामुळे.

फुलपाखरांना समाजात जो मान आहे तो पतंगांना नाही. महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला, असा दर्जा देणारे ते देशातील पहिले राज्य ठरले, आणि ते योग्यच झाले. परंतु भारतात फुलपाखरांच्या जाती साधारण तेराशे-चौदाशे, तर पतंगांच्या नोंदलेल्या जाती दहा हजारांहून अधिक आहेत. जगाचा हिशेबही याच प्रमाणात आहे: फुलपाखरे अठरा हजारांच्या आसपास आणि पतंग एक लाख चाळीस हजारांच्या घरात. मराठीत या प्रचंड समुदायासाठी एकच शब्द आहे. घरातल्या लोकरी कपड्यांना लागणारी ‘कसर’ आणि शेतातली ‘बोंडअळी’ ही त्याच कुळातली, पण ती नावे अळीच्या उपद्रवाची आहेत. पंख फुटलेल्या प्राण्याला भाषेने जवळजवळ अनामिकच ठेवले आहे.

चादरीपुढे एक-दोन रात्री बसणाऱ्याला लवकरच एक गोष्ट कळून येते. पतंग पाहण्यासाठी दिवा लावावा आणि पतंगाखेरीज भलतेच काही दिसावे, हे तेथे नित्याचे आहे. पुढून प्रार्थना कीटकासारखा पाय दुमडून बसलेला आणि मागून जाळीदार पंखांचा एक किडा येऊन बसतो. पाहणाऱ्याला वाटते, की दोन वेगळ्या प्राण्यांचे तुकडे जोडून कोणी थट्टा केली आहे. त्याच्या अनेक जातींची पिल्ले कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीत शिरून तेथेच वाढतात. वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंगी घसरण्याची वाट पाहणारी अळी ज्याने लहानपणी काडीने डिवचली असेल, तिचा चतुरासारखा दिसणारा प्रौढ अवतार त्याला प्रथम भेटतो तो बहुधा येथेच. आणि एखाद्या भुंग्याच्या किंवा माशीच्या पायाला काहीतरी लोंबकळत आहे म्हणून भिंग लावले, तर चार-पाच मिलिमीटरचा, नांग्या असलेला पण नांगी नसलेला, म्हणजे पुढे चिमटे आहेत आणि मागे डंख नाही असा, विंचवाचा एक दूरचा भाऊबंद दिसतो. त्याला पंख नाहीत. प्रवास करायचा तर उडणाऱ्या प्राण्याचा पाय धरणे हा त्याचा मार्ग. आपल्याकडे एस.टी.च्या टपावरून पूर्वी होणारा प्रवास याच तत्त्वावर चाले.

या अनपेक्षित पाहुण्यांपैकी सर्वांत विलक्षण कोण, असे विचारले तर मात्र बोट एका अशा प्राण्याकडे दाखवावे लागेल, की जो चादरीवर नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. त्याचा शोध लागला तो अमेरिकेत, आणि त्यामागची हकिगत आपल्याकडील प्राध्यापकवर्गाने आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे.

ॲशर ट्रीट हे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. पतंगांना ऐकू कसे येते, हा त्यांचा अभ्यासविषय. ज्या कुळातील पतंगांवर त्यांनी काम केले त्यांचे कान डोक्यावर नसतात. छाती आणि पोट जेथे जुळतात तेथे दोन्ही बाजूंना एकेक असतात. कानाची रचना अगदी काटकसरीची आहे. एक पातळ पडदा आणि त्याला जोडलेल्या अवघ्या दोन श्रवणपेशी. एवढ्या भांडवलावर पतंग वटवाघळाची, माणसाला ऐकू न येणारी, उच्च कंप्रतेची हाक ओळखतो; ती दूर असेल तर दिशा बदलतो आणि अगदी जवळ आली तर पंख मिटून खाली कोसळतो. केनेथ रोडर या सहकाऱ्याबरोबर ट्रीट यांनी १९५० च्या दशकात या श्रवणाचा जो अभ्यास केला तो आज प्राणिवर्तनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांचा भाग झाला आहे.

हे कान तपासत असता त्यांत ट्रीट यांना पाहुणे आढळले. गोचिडीच्या दूरच्या नात्यातला, माइट या वर्गातला एक सूक्ष्म जीव पतंगाच्या कानात शिरून, पडदा फोडून, तेथे संसार थाटून बसला होता. १९५४ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एखादा परोपजीवी सापडणे यात नवल नव्हते. नवल पुढे होते. एका पतंगाच्या कानात अशा जीवांची मोठी वसाहत आढळे, अंडी आढळत, पिल्ले आढळत. पण जवळजवळ प्रत्येक वेळी हे सारे एकाच कानात. दुसरा कान शाबूत. कधी डावा व्यापलेला, कधी उजवा, पण दोन्ही क्वचितच. एका बाजूला दाटी झाली तरी नवे येणारे रिकाम्या बाजूला जात नसत.

कारण उघड आहे, एकदा कळल्यावर. वसाहत झालेला कान बहिरा होतो. दोन्ही कान गेले तर पतंगाला वटवाघळाची चाहूल लागणार नाही, आणि पतंग गिळला गेला की त्याच्याबरोबर भाडेकरूंचाही निकाल लागणार. परंतु कारण कळणे वेगळे आणि त्या बिनडोळ्यांच्या जीवाला ते कसे जमते हे शोधणे वेगळे. ट्रीट यांनी रात्रीमागून रात्री भिंगाखाली पाहिले, की पतंगावर प्रथम चढणारी मादी एका कानाची निवड करते आणि जाता-येता अंगावर एक मार्ग उमटवून ठेवते; मागून येणाऱ्या साऱ्या तोच मार्ग पकडतात. त्यांची यातील बरीच निरीक्षणे मॅसॅच्युसेट्समधील टायरिंगहॅम या लहानशा गावातली, दिव्यावर आलेल्या पतंगांवर केलेली होती. १९७५ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला, म्हणजे पहिल्या वर्णनानंतर एकवीस वर्षांनी. पदोन्नतीसाठी दरसाल शोधनिबंधांची संख्या मोजणाऱ्या आजच्या पद्धतीत हा गृहस्थ कोठे बसला असता, याचा विचार विद्यापीठांनी जरूर करावा.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कथा आणखी एका कारणाने थबकायला लावते. सामायिक मालमत्तेचा उपभोग घेणारा प्रत्येकजण आपापल्या फायद्याकडे पाहू लागला, की ती मालमत्ता नष्ट होते आणि तिच्याबरोबर सर्वांचाच फायदा बुडतो, हा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली कुरणाच्या उदाहरणाने मांडला. मराठवाड्यातील एखाद्या दुष्काळी तालुक्यात त्याला कुरणाचे उदाहरण लागत नाही. शेजाऱ्याने तीनशे फुटांवर कूपनलिका नेली म्हणून आपण पाचशेवर न्यायची आणि त्याने मग सातशेवर, असे करत दोघांच्या उसाखाली कोरडा खडक लागेपर्यंत जायचे, हे तेथे डोळ्यांसमोर घडते. पतंगाच्या कानातले जीव शहाणे आहेत असे म्हणण्याचा हेतू नाही. त्यांना बुद्धीही नाही आणि ग्रामसभाही नाही. ज्यांच्या पूर्वजांनी दुसरा कान खाल्ला त्यांचा वंश वटवाघळाच्या पोटात संपला, इतकेच. संयम शिकण्याची ही रीत फार महाग आहे आणि माणसाला ती परवडण्याजोगी नाही.

‘या साऱ्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आता येणारच, आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. सरकारी तिजोरीतला रुपया कोठे जावा याचा विचार करताना उपयोगाची विचारणा झालीच पाहिजे. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर शेतातूनच द्यावे हे बरे. ट्रीट यांना हा जीव मुख्यतः ज्या पतंगावर आढळला, त्याची अळी अमेरिकेत धान्यपिकांवरची लष्करी अळी म्हणून कुप्रसिद्ध आहे. आपल्या शेतकऱ्याला लष्करी अळीची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोगा येथे मक्यावर एक अनोळखी अळी आढळली. तेथील कृषी संशोधकांनी ती अमेरिका खंडातली, २०१६ साली आफ्रिकेत पोचलेली लष्करी अळी असल्याचे ओळखले, आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात मक्यावर आणि उसावरही दिसली. डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी खूण आणि शेवटाकडच्या भागावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, ही तिची ओळख गावोगावच्या पत्रकांतून मग सर्वांना पाठ झाली. पण ती पहिल्या दिवशी पाहणाऱ्याला इतर शेकडो अळ्यांपासून वेगळी काढता आली पाहिजे, आणि त्यासाठी त्या इतर शेकडो अळ्या आधी माहीत असाव्या लागतात. निरुपयोगी पतंगांची यादी ठेवणारा माणूस नसेल तर उपद्रवी पतंग नवा की जुना हे सांगणार कोण?

गुलाबी बोंडअळीचा इतिहास तर याहून बोलका आहे. १८४२ साली भडोचच्या कापसावर तिचे नुकसान नजरेस आले आणि १८४३ साली सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिच्या पतंगाला शास्त्रीय नाव दिले. नाव मिळाले म्हणून वर्णन झाले, वर्णन झाले म्हणून जीवनक्रम कळला, आणि त्यातूनच पुढे मादीचा गंध ओळखून तो कृत्रिमरीत्या तयार करता आला. आज विदर्भात कपाशीच्या शेतात काठीला टांगलेला कामगंध सापळा दिसतो तो या साखळीचा शेवटचा दुवा. २०१७ साली याच अळीने, बीटी बियाणे असूनही, महाराष्ट्रातील कापूस उत्पादकाला हवालदिल केले. तेव्हा सापळ्यात रोज किती नर पडतात हे मोजून फवारणी ठरवा, असा सल्ला कृषी खात्याला द्यावा लागला. मोजणे आणि ओळखणे ही रात्रीच्या चादरीपुढची दोन्ही कामे आहेत. त्याच भंडारा-गडचिरोलीच्या पट्ट्यात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोष पिकतात आणि त्यांवर कित्येक घरांची चूल चालते. टसरचा धागाही एका पतंगाचाच.

हे काम बाजार करणार नाही. दहा हजार जातींपैकी कोणती उद्या उपयोगाची किंवा उपद्रवाची ठरेल हे आज सांगता येत नसल्यामुळे कोणतीही कंपनी त्या सर्वांची नोंद ठेवण्यासाठी पैसा घालणार नाही; आणि एकदा नोंद झाली की तिचा लाभ सर्वांनाच फुकट मिळतो. अशी जबाबदारी शासनाने किंवा समाजाने उचलावयाची असते. प्रत्यक्षात काय झाले आहे? भारतातील पतंगांचा सर्वंकष आढावा घेणारे सर जॉर्ज हॅम्पसन यांचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात प्रसिद्ध झाले. हॅम्पसन निलगिरीत चहाचा मळा करण्यासाठी आलेले होते. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी एखाद्या पतंगाची ओळख पटवताना आजही तेच खंड उघडावे लागतात. त्या मालिकेतील पाचवा खंड १९३७ साली निघाला तो बेल आणि स्कॉट यांचा. त्यांतील बेल हे वन खात्यातले अधिकारी, आणि त्यांचे बरेच काम जुन्या मुंबई इलाख्यातील कारवारच्या परिसरातले. नोकरी सांभाळून त्यांनी सुरवंट पाळले, कोशातून पतंग निघेपर्यंत वाट पाहिली आणि एकेका जातीचे खाद्यझाड नोंदवून ठेवले.

प्राणिसर्वेक्षण संस्था देशात १९१६ पासून आहे, तिचे एक प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी तर १८८३ ची. त्यांनी केलेल्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु जाती ओळखणारा तज्ज्ञ निवृत्त झाला, की त्याच्या जागी रेणूंचा अभ्यास करणारा नेमायचा, किंवा ती जागाच गोठवायची, असा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. त्यातच जैविक संपत्तीची लूट थांबावी म्हणून २००२ साली झालेला कायदा. त्याचा हेतू निर्विवाद चांगला होता. मात्र परदेशी तज्ज्ञाकडे एखादा नमुना पडताळणीसाठी पाठवणे त्यामुळे दुरापास्त झाले, अशी तक्रार आपलेच शास्त्रज्ञ सातत्याने करीत आले आहेत. भारतीय पतंगांपैकी कित्येकांचे मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात पडून आहेत, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली म्हणजे या अडचणीचे स्वरूप कळते. चोराला अडवण्यासाठी लावलेल्या कुलपाने घरमालकच बाहेर राहिला, असा हा प्रकार आहे.

अशा परिस्थितीत महाविद्यालयांकडे वळावेसे वाटते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक दिले आहेत आणि त्या श्रेयांकांचे काय करायचे, याची चिंता अनेक प्राचार्यांना लागून राहिली आहे. तालुक्याच्या गावी चालणाऱ्या महाविद्यालयाला एक चादर, एक दिवा, एक भिंग आणि एक जाड वही परवडू शकते. तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता, चंद्र किती होता, जवळपास कोणती झाडे आहेत, काय आले आणि किती आले, एवढे जरी तीन-चार वर्षे नेमाने लिहिले गेले, तरी त्या जिल्ह्यापुरता तो पहिलाच दस्तऐवज ठरण्याची शक्यता मोठी. शिक्षकांना आधीच जनगणना, निवडणुका आणि मूल्यांकनाची कागदपत्रे यांतून सवड नाही, हे खरे आहे. त्यांच्यावर हे आणखी एक सक्तीचे काम लादले तर त्याचाही सप्ताह होईल. ज्याला हौस आहे त्याला त्या रात्रीचा वेळ कामाचा म्हणून धरावा, एवढी सवलत पुरे. छायाचित्रांनी सगळे काम भागते अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. अनेक लहान पतंग बाह्य रूपावरून वेगळे ओळखता येत नाहीत. त्यांचे विच्छेदन करून सूक्ष्मदर्शकाखाली अंतर्गत अवयव पाहावे लागतात, आणि ते शिकवणारा माणूस हवा असतो. ट्रीट यांना तो माइट दिसला तोही पतंगाचा कान उघडून पाहिल्यामुळेच.

या सगळ्याला एक वस्तू आवश्यक आहे, जिची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ती म्हणजे काळोख. २०१५ पासून राबवल्या गेलेल्या राष्ट्रीय योजनेखाली देशात एक कोटीहून अधिक एलईडी पथदिवे लागले. विजेची बचत झाली, रात्री घरी परतणाऱ्या स्त्रीला रस्ता दिसू लागला. त्याविरुद्ध बोलणे असमंजसपणाचे होईल. परंतु दिवा स्वस्त झाला की तो जास्त लागतो आणि जेथे कोणी चालत नाही तेथेही लागतो, हा मागणीचा साधा नियम आहे. मंगल कार्यालयाच्या रिकाम्या पटांगणावर, डोंगरमाथ्यावरच्या फार्म हाऊसच्या कुंपणावर, मंदिराच्या शिखरावर पहाटेपर्यंत जळणारे प्रखर झोत कोणाच्या सुरक्षिततेसाठी असतात? दक्षिण इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पथदिव्यांखालच्या कुंपणझुडपांवर सुरवंटांची संख्या शेजारच्या अंधाऱ्या झुडपांच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आलेली आढळली. पांढऱ्या एलईडीचा परिणाम जुन्या पिवळ्या दिव्यांपेक्षा अधिक तीव्र होता. सुरवंट गेले की पिलांना भरवणाऱ्या पक्ष्यांचा घास जातो. आपल्याकडे अशी पाहणी मोठ्या प्रमाणावर होईपर्यंत नगरपालिकांना निदान एवढे करता येईल: दिव्यांना वरून झाकणी बसवावी, रंग पिवळसर ठेवावा, आणि मध्यरात्रीनंतर वर्दळ नसलेल्या ठिकाणी ते मंद करावेत. यातून वीजबिलही कमी होईल, हे सांगितल्यावर लेखापालाचा विरोध राहण्याचे कारण नाही.

चादर लावणाऱ्यानेही स्वतःच्या दिव्याचा हिशेब ठेवला पाहिजे. रोज एकाच जागी दिवा लावू नये, आणि पहाटे तो वेळेवर मालवावा. कारण उजाडू लागताच कोतवाल आणि बुलबुल यांना चादरीचा पत्ता कळलेला असतो. दोन-तीन दिवसांत ते ठरल्या वेळी हजर राहू लागतात. दिवा मालवल्यावर चादर झटकू नये. पतंग एकेक करून हळूच उचलावेत, जवळच्या झुडपाच्या सावलीत पानाखाली सोडावेत, आणि नंतरच चादरीची घडी घालावी. ती घडी घालण्यापूर्वी तिच्या शिवणी भिंगातून एकदा पाहून घ्याव्यात; रात्रभरात न दिसलेले काही तेथे हमखास दडलेले असते.